बिनगिअरची काळी सायकल

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात ओझे वाहणारी सायकल बहुधा एकाच घडणीची असते: काळी, उंच दांडीची, 28 इंची चाकांची, केबलऐवजी सळ्यांवर चालणाऱ्या ब्रेकची आणि बिनगिअरची. पाववाले, दूधवाले, इडलीवाले, डबेवाले, गॅसचे सिलिंडर पोचवणारे यांपैकी गिअरच्या सायकलीकडे वळलेले फार थोडे. ती महाग पडते हे खरेच. पण फुकट मिळाली तरी या कामाला ती कितपत पुरी पडेल, ही शंका उरते.

ही घडण मूळची इंग्लंडची. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन ही मांडणी जॉन केम्प स्टार्ली यांच्या 1885 च्या ‘रोव्हर’ने रूढ केली. विसाव्या शतकाच्या आरंभी तीन गिअरचा ‘स्टर्मी-आर्चर’ हब आला. इंग्लंडात तो खूप खपला, हिंदुस्थानात मात्र साधी सायकलच पसरली. त्या काळच्या व्यापाराची एक खूण ऑपेरा हाऊसजवळ आहे. 1919 साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी’च्या नावात सायकल मोटरच्या आधी येते. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय (1949), सोनिपतची ॲटलस (1951) आणि लुधियानाची हिरो (1956) यांनी जवळजवळ तीच घडण उचलली. परळहून फार लांब नसलेल्या वरळीतही हिंद सायकल्सचा कारखाना होता. ही कंपनी आणि सेन-रॅले ही दुसरी सायकल कंपनी, या दोघींचे 1980 च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले.

या सायकलीचा एकमेव गिअर अंदाजाने ठरलेला नाही. पुढच्या चक्राला साधारणतः 44 किंवा 48 दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलला 18. 44 दात्यांचे चक्र असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला चाळीस फेऱ्या, म्हणजे अगदी रमतगमत, मारल्या तरी तासाला 13 किलोमीटरचा वेग पडतो. साठ मारल्या तर वीसच्या जवळपास. लालबाग-परळच्या गर्दीत याहून जास्त वेग मिळाला तरी तो वापरायचा कुठे?

शिवाय जमीन सपाट. सात बेटांमधल्या खाड्या आणि खाजणे बुजवून मुंबई उभी राहिली, आणि बुजवलेल्या जमिनीला चढ नसतो. बैठ्या गिरगावातून मलबार हिलकडे वळेपर्यंत सायकलस्वाराला टेकडी भेटत नाही. त्याला चढ भेटतो तो रेल्वेवरच्या पुलांचा: दादरचा टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळीचे पूल, गिरगावच्या बाजूला केनेडी ब्रिज आणि फ्रेंच ब्रिज. हे चढ आखूड असतात. ओझे हलके असेल तर माणूस सीटवरून उठून, अंगाचा भार पायडलवर टाकून पूल काढतो. जड असेल तर उतरून ढकलतो. सिग्नलवरून निघतानाही तेच. भरलेली सायकल दोन पावले ढकलून तिने गती घेतली की टांग मारायची. उतरणे हाच या सायकलीचा पहिला गिअर म्हणायला हरकत नाही.

तिचा खरा कस लागतो तो ओझ्यात. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन जवळपास तेवढेच. चार भरलेले सिलिंडर अडकवले की भार शंभर किलोंच्या पुढे जातो. डबेवाल्याच्या सायकलीला दोन्ही मुठींना डबे लटकतात, कॅरिअरवर वेगळे. हा भार मुख्यतः मागच्या चाकावर येतो, म्हणून जुन्या रिवाजानुसार पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे. गिअरच्या सायकलीत मागच्या हबवर सहा-सात चकत्यांची चळत बसते, तिला जागा देण्यासाठी उजवीकडचे आरे जवळजवळ उभे बांधावे लागतात. दोन्ही बाजूंचा ताण असमान होतो आणि ओझ्याखाली चाक लवकर आऊट होते. एकाच फ्रीव्हीलला जागा थोडी लागते, त्यामुळे आरे दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखे तिरपे राहतात. गिअरच्या जाहिरातीत ही गोष्ट सापडायची नाही.

पावसाळ्यात हा फरक वाढतो. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबले की चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा, जमिनीलगत लोंबणारा डिरेलर आधी बुडतो. गाळ, दोऱ्या, प्लास्टिक त्याच्या छोट्या चाकांत अडकते. खाऱ्या हवेने त्याची केबल गंजून जाम होते. बिनगिअरची चेन रुंद, सरळ रेषेत फिरणारी आणि बऱ्याचदा पत्र्याच्या चेनकव्हरमध्ये झाकलेली. स्टेशनबाहेर कठड्याला सायकली एकावर एक रेलून उभ्या असतात. तिथे डिरेलर टांगलेला पत्रा जरा वाकला तरी गिअर नीट पडत नाहीत.

दुरुस्तीही फुटपाथवरची. चेन ढिली झाली तर मागचे नट सैल करून चाक किंचित मागे ओढायचे आणि पुन्हा आवळायचे. क्रँक जखडणारी कॉटर पिन झिजली की पायडल खेळू लागते. पंक्चरवाला जुनी पिन हातोडीने ठोकून काढतो, नवीची उतरती बाजू कानशीने जराशी घासतो, ठोकून बसवतो आणि नट आवळतो. गिऱ्हाईक तोवर शेजारी उभेच असते.

गिअरला विरोध शर्यतीतही झाला होता. ‘टूर द फ्रान्स’मध्ये डिरेलरला सर्वांसाठी परवानगी मिळाली ती 1937 साली, शर्यत सुरू होऊन 34 वर्षांनी. जपानच्या केइरिन शर्यती मात्र 1948 पासून आजतागायत एकाच गिअरवर, तेही बिनब्रेकच्या सायकलींवर होतात, कारण ती धावपट्टी बंदिस्त आणि चढाविना असते. मुंबई-पुणे शर्यतीत याच्या उलट हिशेब लागतो. बोरघाटात पुलासारखा दोन मिनिटांचा चढ नाही, तिथे उतरून ढकलणारा मागे पडतो. ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळवायचा तर गिअर लागतोच.