पिंप घेण्याआधी विचारा : आधी यात काय होतं?



नळाला एक दिवसाआड पाणी आलं की घरात मोठं पिंप लागतंच. नवं महाग पडतं, म्हणून आपण भंगारवाल्याकडून निळं पिंप आणतो. शेजारीण विचारते, "कितीला मिळालं?" पण "आधी यात काय होतं?" हे कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तोच आहे.

पिंप आपल्या दारात येतं कुठून?

दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा रोड पूर्वेला पेणकरपाडा लागतो. नाव पाड्याचं, पण आज तिथं लहान कारखान्यांचे गाळे आहेत. अशा गाळ्यांत कच्चा माल पिंपातून, कॅनमधून, गोणीतून येतो. तयार माल पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पट्टी मारून बाहेर जातो. माल संपला की हे सगळं रिकामं उरतं आणि भंगारात जातं. तिथून काही वितळवायला जातं, तर काही जसंच्या तसं आपल्या अंगणात येतं. तारापूर असो की अंबरनाथ, एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत हेच चालतं.

धुतलं तरी का जात नाही?

हे प्लास्टिक गुळगुळीत दिसतं, पण काही रसायनं त्याच्या भिंतीत मुरतात. साबण-सोड्यानं वरचं निघतं, आत मुरलेलं हळूहळू पाण्यात उतरतं. रंग, सॉल्व्हंट, अॅसिड किंवा कीटकनाशक भरलेलं पिंप कितीही घासलं तरी पाण्यासाठी चालत नाही. वास येत नाही म्हणजे ते चांगलं, असंही नाही.

म्हणून आधी लेबल बघा. लाल चौकटीत कवटी, ज्वाळा किंवा हातावर सांडणारा द्रव असं चित्र असेल तर ते पिंप घेऊच नका. पेला आणि काटा-चमचा हे चित्र अन्नासाठी योग्य प्लास्टिकचं असतं. पण त्या पिंपात नंतर दुसरं काही भरलेलं नव्हतं, याची खात्री हवीच. लेबल खरवडलेलं असेल तर त्यात पिण्याचं, स्वयंपाकाचं किंवा गुरांचं पाणी ठेवू नका, धान्यही भरू नका. नव्या पिंपाला पैसे कमी पडत असतील तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. दवाखान्याच्या खर्चापेक्षा तो हप्ता परवडतो.

आणखी एक सांगायचं. रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते. ते गॅस कटरनं किंवा ग्राइंडरनं कापायला गेलं तर भडका उडू शकतो.

कायदा काय म्हणतो?

घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जायला हवीत. घरोघरी विकण्याची ती वस्तू नाही.

प्लास्टिक वेष्टणाची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे. २०२२ च्या नियमांत असं ठरलं की, कडक प्लास्टिकच्या वेष्टणात २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पासून ६० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक असावं. त्यासाठी चांगला, स्वच्छ भंगार माल लागणार. इथं आपल्या गटांना वाव आहे.

वेगळं ठेवलं तरच दाम

भंगार प्लास्टिक आधी निवडतात, मग भरडतात, धुतात, वाळवतात आणि वितळवून त्याचा दाणा पाडतात. वेगवेगळं प्लास्टिक एकत्र वितळलं तर दाणा ठिसूळ होतो, म्हणून मिसळलेल्या मालाला भाव कमी. वस्तूच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो, तो बघून ढीग करा :

- २ : पिंपं, कॅन. बाजारात याला 'एचडी' म्हणतात. २०० लिटरचं पिंप साधारण ८ ते १० किलो भरतं.
- ४ : गुंडाळायचं पातळ प्लास्टिक, गोणीच्या आतलं अस्तर. हे 'एलडी'.
- ५ : विणलेल्या गोण्या. ही 'पीपी'.
- १ : पाण्याच्या बाटल्या आणि काही पक्क्या पट्ट्या. हे 'पेट'.

आकडा नसेल तर तुकडा पाण्याच्या बादलीत दाबून सोडा. एचडी, एलडी आणि पीपी सहसा तरंगतात, पेट बुडतं. ओला, मातीचा माल देऊ नका, वजनात कापतात. विकण्याआधी दोन-तीन ठिकाणी दर विचारा आणि वजन आपल्या वहीत लिहा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून कचरावेचकांना एकत्र आणलं. एकटीला जो भाव मिळत नाही, तो एकत्र आल्यावर मागता येतो.

पण गाळ्यातून माल उचलताना पहिला प्रश्न तोच : यात आधी काय होतं? धान्याच्या, साखरेच्या गोण्यांच्या पिशव्या शिवा, रसायनाच्या गोणीला हात लावू नका. कीटकनाशकाचा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे कुणी त्यात तेल भरणार नाही. आणि चूल पेटवायला प्लास्टिकचा तुकडा कधीच नको. तो विषारी धूर आधी आपल्याच छातीत जातो, मग लेकरांच्या.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरातलं पिंप उलटं करून बघा. लेबल काय आहे, आकडा कोणता, आणि कुणाकडून घेतलं, एवढं लिहून आणा. हप्ता आणि हजेरी झाली की त्यावरच बोलू.