उशाशी कोण बसणार?

गेल्या चैत्रात शेजारची पोर पुण्याहून माहेरी आली. आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, आणि कौंडण्यपूर आमच्याच तिवसा तालुक्यात; रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखात माहेरपणाचं कौतुक मी वेगळं काय सांगू! संध्याकाळी गुरुकुंज आश्रमातली सामुदायिक प्रार्थना आटोपली की ती हळूहळू चालत माझ्या ओट्यावर येऊन बसायची. एकदा फाइल मांडीवर ठेवून म्हणाली, "मावशी, तिकडे माझ्या एका मैत्रिणीनं मिडवाइफकडे डिलिव्हरी केली. आई म्हणते, अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरकडेच नाव घालायचं. तुम्ही सांगा, काय करू?"

तिची आई मागून म्हणाली, "बाई, सांगा हिले समजावून. सुईनीचा जमाना गेला आता."

मी उपकेंद्रावर तीस वर्षं नर्सबाई होते. किती लेकरं या हातांवर आली ते रजिस्टरलाच ठाऊक. पण त्या मायलेकींना चटकन उत्तर देता आलं नाही, कारण दोघी सुईणीबद्दलच बोलत होत्या आणि दोघींच्या मनातली बाई वेगळी होती.

आईच्या मनातली सुईण मी पाहिलेली आहे. नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक गावात एखादी म्हातारी दाई असायची. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सासूचं, आईचं बघून ती शिकली. तिचा हात बाळंतिणीच्या अंगाला चालायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला मात्र चालायचा नाही. बारा दिवस रक्त, घाण सगळं तिनं काढायचं आणि बदल्यात पायलीभर ज्वारी, एखादं जुनं लुगडं. ज्या बाईच्या भरवशावर गाव जन्माला आलं, तिला गावानं ओसरीवर बसवलं, ही गोष्ट मला आजही बोचते.

तिच्या हातून चुका होत. नाळ कापायला विळा, वर शेणाची नाहीतर चुलीतली राख. मग आठवडाभरात लेकरू धनुष्यासारखं वाकडं होऊन जायचं. आईला धनुर्वाताची सुई, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि दवाखान्यातलं बाळंतपण एवढं गावोगाव पोचवता पोचवता 2015 साल उजाडलं, तेव्हा कुठे माता आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. कळा लांबल्या की दाई पोट दाबायची, वार अडकली की नाळ ओढायची. त्यात बायका गेल्या. म्हणून तो जमाना गेला ते बरंच झालं, हे मी बिनशर्त म्हणते.

पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली. दाई बसायची. संध्याकाळी आली की लेकरू झाल्याशिवाय उठायची नाही. कंबर चोळायची, पाणी पाजायची, "घाबरू नको व माय, येऊन राह्यलं लेकरू" असं रात्रभर म्हणत राहायची. आज दवाखान्यात खाट आहे, सलाइन आहे, मशीन आहे. उशाशी माणूस नाही.

मुलीच्या मनातली मिडवाइफ ही वेगळीच बाई. ती शिकलेली असते. आधी नर्सिंग, त्यावर केवळ बाळंतपणाचं शिक्षण. केंद्र सरकारनं डिसेंबर 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सला आणखी 18 महिने शिकवून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' करायचं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांच्या आवारातच सुईणींनी चालवायचे कक्ष उभे करायचे, अशी ती योजना. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं तर त्याआधीच, 2011 पासून अशा सुईणी घडवायला सुरुवात केली होती. खरं म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक जीएनएम नर्सच्या नोंदणीत 'मिडवाइफ' हा शब्द आहेच. माझ्याही शिक्षणात निम्मा भाग बाळंतपणाचा होता. पण नोकरीत पोलिओ, कुटुंब नियोजनाचं टार्गेट, सर्वेक्षण आणि रजिस्टरं एवढी वाढली, की बाईजवळ बसायचा वेळ त्यातून चोरून काढावा लागे.

चांगली सुईण नेमकं काय करते, हे सांगायला मला माझ्या हातापासूनच सुरुवात करावी लागेल. तळवा पोटावर ठेवायचा, घड्याळ समोर. कळ आली की पोट वर उचलून येतं, दगडासारखं होतं. सरली की ढिलं पडतं. दहा मिनिटांत अशा किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, ते मोजायचं. कळ ओसरली की बाळाचे ठोके ऐकायचे. मिनिटाला 110 ते 160 असले की जीव भांड्यात पडतो. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते तपासून तक्त्यावर फुली मारायची. एवढं करून उरलेला सगळा वेळ बाईला चालवायचं, पाणी द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि काहीही न करता थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं, की तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर जोराच्या कळा धराव्यात, आणि पहिलटकरणीला त्यापुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हट्ट त्यांनी सोडला. बारा तास! तोवर बाहेर सासू येरझारा घालते, नवरा मोबाइल बघतो, एखादा काका मुहूर्त विचारून येतो आणि सगळे मिळून डॉक्टरला म्हणतात, "करून टाका ना सिझर."

म्हणून वाढत्या सिझरचा सगळा दोष मी डॉक्टरांच्या माथी मारत नाही. पण आकडे पाहायला हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 साली देशातली साडेआठ टक्के बाळंतपणं सिझरची होती. 2019-21 मध्ये साडेएकवीस टक्के. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास, खासगीत 47 टक्क्यांच्या. सरकारी आणि खासगी दवाखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या हाडामांसात एवढा फरक असतो, यावर माझा विश्वास नाही. पोट फाडल्याचा व्रण पुढच्या बाळंतपणातही आड येतो. वार त्या व्रणावर चिकटून बसली तर रक्त थांबता थांबत नाही.

आणि तरीही डॉक्टर हवाच. असं म्हणताना मला एक रात्र आठवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या खेपेची बाई, काही अडचण नाही, पहाटे लेकरू झालं, वार आपोआप पडली. मी हात धुवायला वळले आणि मागून तिची आई म्हणाली, "नर्सबाई, रक्त जास्त जाऊन राह्यलं काय?" पोटावर हात ठेवला. बाळंत झाल्यावर गर्भाशय बेंबीखाली कवठासारखं टणक लागलं पाहिजे. माझ्या हाताला मळलेल्या कणकेचा गोळा लागला. चोळलं, सुई दिली, लेकरू छातीला लावलं. जरा घट्ट व्हायचं, हात काढला की पुन्हा मऊ. एकाच्या मेटॅडोरमधली संत्र्याची खोकी उतरवली आणि तिला त्यात टाकलं. अमरावती इथून तीस-पस्तीस किलोमीटर. ती सगळी वाट मी गाडीत गुडघ्यांवर बसून तिचं पोट चोळत होते. तिथल्या डफरीन दवाखान्यात पोचलो तेव्हा माझी बोटं वळत नव्हती. रक्त चढलं, ती वाचली. तिला वाचवायला माझे हात लागले आणि डॉक्टरही लागले. दोन्हीपैकी एक नसतं तर तिचं लेकरू आईवाचून वाढलं असतं. बाळंतपणातला धोका आधी निरोप पाठवून येत नाही. म्हणून घरी बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्या पोरींना मी हात जोडते. नेदरलँड्समध्ये घरची बाळंतपणं होतात, पण तिथे शिकलेली सुईण घरात असते आणि गरज पडली तर दवाखान्यात न्यायची घडी पक्की बसलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात नाला आडवा आला की संपलं.

सुईण की डॉक्टर हे भांडण तसं जुनं आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन कक्ष होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. 1846 साली डॉक्टरांच्या कक्षात शंभरातल्या अकराहून जास्त बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या कक्षात तिघींपेक्षा कमी. बायका रडून विनवायच्या, आम्हाला सुईणींकडे घाला. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं त्यामागचं कारण हुडकलं: विद्यार्थी मुडदे चिरून तसेच बाळंतिणीला हात लावत होते. 1847 मध्ये त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली आणि मरण झरझर खाली आलं. आपल्याकडे पाहायचं तर आनंदीबाई जोशींचं लेकरू जेमतेम दहा दिवस जगलं होतं. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि 1886 साली त्यांनी पदवीसाठी निबंधाला विषय निवडला तो हिंदूंच्या जुन्या प्रसूतिशास्त्राचा. आईपण भोगलेल्या त्या बाईला कोणता प्रश्न छळत असेल, ते मला त्या विषयावरूनच कळतं.

तर त्या पोरीला मी काय सांगितलं? आधी तिची फाइल वाचली. आधीचं सिझर असेल, जुळं असेल, वार खाली असेल, रक्तदाब 140/90 च्या वर जात असेल, साखर असेल, झटके येऊन गेले असतील, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा सिकलसेल असेल, तर वाद घालत बसायचं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा डॉक्टर आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना गाठायचा. बाळ पायाळू असेल तरी तेच. आपल्याकडे पायाळू माणसाकडून चमक भरलेल्या कमरेला पाय लावून घेतात, त्याचा मान असतो. पण जन्माला येताना त्याची मान अडकते, हे मी बघितलेलं आहे. तिच्या फाइलीत यातलं काही नव्हतं. डोकं खाली, हिमोग्लोबिन अकरा, दाब ठीक. अशा बाईला सुईणीच्या हाताखाली बाळंत व्हायला काहीच हरकत नाही. कॉक्रेन या संस्थेनं 2016 मध्ये 17,674 बायकांवरच्या 15 चाचण्या एकत्र तपासल्या. पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत ओळखीच्या सुईणी ज्यांच्यासोबत होत्या, त्यांच्यात चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ कमी आली, दिवसांआधी होणारी बाळंतपणंही कमी झाली.

ओळखीच्या. या शब्दाशी आपला माहेरचा रिवाज अडखळतो. सात महिने एक डॉक्टर तपासतो आणि आठव्यात पोरगी दुसऱ्याच गावी, अनोळखी हातांत जाऊन पडते. रिवाज मोडा असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीला आईच्या हातचा हरिऱ्याचा वाटा मिळायलाच हवा. पण माहेरी येताना सगळी कागदपत्रं आणावीत आणि आल्याच्या आठवड्यात तिथल्या दवाखान्यात तोंडओळख करून घ्यावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, तिथे जावं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्याचा अध्याय आहे आणि महिलोन्नतीचाही. बाळंतपणाच्या खोलीत हे दोन अध्याय एकमेकांना भेटतात, असं मला वाटतं.

दवाखान्यात शिरल्यावर काय विचारायचं, तेही तिला पाठ करून दिलं. कळा देताना माझ्याजवळ कोण असणार? माझी आई आत येऊ शकेल का? मला चालू-फिरू द्याल का? रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर डॉक्टर आणि भूलवाले किती मिनिटांत येतात? रक्त कुठून आणता? या प्रश्नांना जिथे चिडून उत्तर मिळेल, तिथून परत फिरायचं. दोन ठिकाणांहून ती परत फिरली. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून सगळं सांगितलं आणि तिथल्या जुन्या सिस्टरची गाठ घालून दिली. पाटीवर मिडवाइफ असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण सिस्टर बोलता बोलता उठली, तळवा पोटावर ठेवला आणि बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते न बघता सांगितलं. मी पोरीला डोळ्यांनीच खुणावलं.

वैशाखात, उन्हानं डांबर वितळत असताना तिला नेलं. तिच्या आईच्यानं बघवेना, म्हणून आत मी थांबले. रात्रभर सिस्टरनं तिला व्हरांड्यात चालवलं. डॉक्टरीणबाई दोनदा आल्या, ठोके ऐकले, तक्ता पाहिला आणि "चालू द्या" म्हणून गेल्या. बाहेर सासरचे तीन फोन येऊन गेले. चारच्या सुमाराला ती माझं मनगट धरून ओरडली, "मावशी, मले नाई जमत!" सिस्टर खाली वाकून म्हणाली, "जमून राह्यलं माय, डोकं दिसून राह्यलं."

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. रडली, मग आईच्या छातीवर गप्प झाली. थोड्या वेळानं वार पडली. मी काही विचारायच्या आत सिस्टरनं माझा हात धरला आणि पोरीच्या बेंबीखाली ठेवला.

कवठासारखं टणक.