डिसोझा, तू नक्की कुठली गं?

आडनाव ऐकलं की आपल्या डोक्यात लगेच नकाशा उघडतो. पाटील? सांगली की कोल्हापूर? डिसोझा? अरे, गोवा! आणि पाठोपाठ पुढचा बाउन्सर, ‘म्हणजे तुम्ही मूळचे पोर्तुगीज का?’

माझ्या शेजारच्या डेस्कवरची डिसोझा हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी झेलते. बाईसाहेब वसईच्या. घरात मराठी, चर्चमधली मिस्साही मराठीत. मी गोंदिया जिल्ह्यातली, तिरोडा तालुक्यातली. आडनाव बिसेन. त्यामुळे माझ्या वाट्याला येतं, ‘यूपी की बिहार?’

दोघींनी मिळून पुण्यात फ्लॅट शोधला तेव्हा तर कहरच झाला. बजेट, डिपॉझिट राहिलं बाजूला, एजंटचा पहिला प्रश्न, ‘आडनावं काय?’ ती सांगितल्यावर एका जागेचं ‘कळवतो’ आलं, ते आजतागायत कळलेलं नाही. मग म्हटलं, ज्या आडनावावर घर मिळायचं की नाही हे ठरतं, त्याच्या पोटात आहे तरी काय?

नदीकाठचे सरदार

‘डि’ म्हणजे ‘चा, ची, चे’. थोडक्यात, आपला ‘कर’. आणि ‘सोझा’ म्हणजे चक्क नदी! उत्तर पोर्तुगालमध्ये सोझा नावाची छोटी नदी आहे, ती पोर्तो शहराजवळ दोरू नदीला मिळते. तिच्या खोऱ्यात ११व्या शतकात एक सरदार घराणं होतं. एगास गोमेस हा हे नाव लावणारा पहिला पुरुष मानला जातो. पोर्तुगालचं राज्य उभं राहिलं ते त्यानंतर, १२व्या शतकात. आमच्या भागात हाच फंडा असता तर मी झाले असते वैनगंगेकर!

पण खरी गंमत पुढे आहे. १३व्या शतकाच्या शेवटी या घराण्यात औरस पुरुष वारसच उरला नाही. नाव वाचवलं मुलींनी. घराण्याच्या दोन लेकींची लग्नं राजा अफोन्सो तिसरा याच्या दोन अनौरस मुलांशी झाली आणि पुढची पिढी आईकडचं ‘सोझा’ लावू लागली. म्हणजे ज्या खानदानाचा एवढा रुबाब, ते नाव टिकलं माहेरच्या बाजूनं!

याच घराण्यातला मार्तिम अफोन्सो डि सोझा १५४२ ते १५४५ गोव्यात गव्हर्नर होता. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये त्याच्याच ताफ्यातून गोव्याला पोचले. तोमे डि सोझा १५४९ मध्ये ब्राझीलचा पहिला गव्हर्नर जनरल झाला. नदीचं नाव दोन महासागर ओलांडून गेलं.

वसईत कसं आलं?

१५३४ च्या तहात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकली. मधल्या २०५ वर्षांत इथल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळायचं आणि आडनाव बहुतेक वेळा धर्मबापाचं नाहीतर पाद्र्याचं. म्हणजे डिसोझा झालेल्या माणसाच्या अंगात लिस्बनचं रक्त आलं नाही, फक्त वहीत नाव बदललं. शेत तेच, विहीर तीच, बोलीही तीच.

पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच वसईचे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आता सांगा, हे आडनाव परकं कसं?

आणि आम्ही बिसेन?

बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले, टेंभरे... गोंदियात ही आडनावं गल्लोगल्ली सापडतील. आम्ही पोवार. घरातली म्हातारी मंडळी सांगतात, आपण माळव्यातले, धारच्या राजा भोजाच्या वंशाचे. तिकडून वैनगंगेच्या खोऱ्यात आलो, तळी बांधली, धान पिकवलं. घरात पोवारी बोलतो, शाळेत मराठी शिकलो. यूपी-बिहार यात कुठे आलं?

तिला सोझांचं सरदार घराणं, मला राजा भोज. लंचला आम्ही एकमेकींना ‘महाराणी’ म्हणतो, पण डबा दोघींचाही भाताचाच असतो! ती वसईची, मी धानाच्या जिल्ह्यातली.

आडनाव एवढंच सांगतं की आपल्या घरावरून कधीतरी इतिहास गेला. आत कोण राहतं, भाडं वेळेवर देतं का, शेजाऱ्याला अडीअडचणीला उपयोगी पडतं का, हे ते सांगत नाही. त्यासाठी दार उघडून चहा पाजावा लागतो.

आणि हो, तुमचंही मूळ शोधायचं असेल तर फक्त वडिलांकडची वंशावळ उलगडू नका. या वीकेंडला आजीला फोन लावा आणि तिचं माहेरचं आडनाव विचारा. सोझांचं नाव तरी लेकींनीच जगवलं ना?