छायाचित्रांचे दप्तर

बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतची हजारो छायाचित्रे ज्या घरच्या संगणकात साठलेली आहेत, त्या घरात एखादे विशिष्ट चित्र कोणी मागितले असता बहुधा ‘आहे कुठेतरी’ एवढेच उत्तर मिळते; आणि छायाचित्र काढण्याची क्रिया जितकी सुलभ झाली, तितकेच ते पुन्हा हाती लागणे दुर्घट का होऊन बसावे, याचा विचार करू गेल्यास संगणकावर चित्र पाहणे आणि चित्रांचे दप्तर राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत हे प्रथम ध्यानी घ्यावे लागते.

पाहण्याचे काम दिसते त्याहून पुष्कळ कष्टाचे आहे. आजच्या बऱ्यापैकी कॅमेऱ्याचे चित्र आडवे ६००० व उभे ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचे असते. १९९२ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या जेपेग पद्धतीने ते आवळलेले असल्यामुळे साठवणीत त्यास काही मेगाबाइट जागा पुरते, परंतु पडद्यावर मांडण्यासाठी ते उलगडले, की दर बिंदूस तीन बाइट या हिशेबाने स्मृतीत त्याचे ७२ मेगाबाइट होतात, आणि इतका खटाटोप करूनही १९२० × १०८०च्या नेहमीच्या पडद्यावर जेमतेम २० लाख बिंदूंनाच स्थान मिळते. म्हणून कुशल दर्शक-प्रोग्राम सर्व चित्र सर्वकाळ उलगडत बसत नाहीत. जेपेगमध्ये चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडलेले असल्यामुळे एक अष्टमांश आकाराचे चित्र थोडक्या श्रमात थेट काढता येते. शिवाय बहुतेक कॅमेरे फाइलच्या आरंभीच एक लघुचित्र घालून ठेवतात, आणि आपण एक चित्र पाहत असताना पुढचे चित्र पडद्याआड आधीच सिद्ध करून ठेवण्याची युक्तीही पुष्कळ प्रोग्रामांत असते. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इरफानव्ह्यू’ हा या जातीचा नामांकित प्रोग्राम आहे. आकाराने चिमुकला, उघडण्यास तत्पर, आणि घरगुती वापरासाठी विनामूल्य. एका माणसाने आपली कृती इतकी वर्षे नेटाने सांभाळावी, ही गोष्ट मला आदरणीय वाटते.

दप्तराचे काम मात्र याहून नाजूक आहे. कॅमेरा चित्रास जे नाव देतो, ते चार अक्षरे आणि चार अंक एवढेच असते. ९९९९ झाल्यावर अंक पुन्हा आरंभापासून सुरू होतात, आणि दोन कॅमेऱ्यांची एकाच नावाची चित्रे एका फोल्डरमध्ये आणल्यास एकाने दुसऱ्याची जागा बळकावण्याचे भय राहते. चित्राचे नाव असे अपुरे असले, तरी १९९५ मध्ये जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ‘एक्झिफ’ नावाची व्यवस्था सिद्ध केली, जिच्यामुळे चित्र कोणत्या तारखेस, कोणत्या क्षणी, कोणत्या कॅमेऱ्याने आणि कॅमेरा उभा धरून की आडवा धरून घेतले, याची नोंद चित्राच्याच फाइलमध्ये होऊ लागली. येथे एक सावधगिरी अवश्य आहे: फोल्डरमध्ये दिसणारी फाइलची तारीख आणि एक्झिफमधील तारीख या दोन भिन्न वस्तू होत. फाइलची तारीख नकलेगणिक किंवा दुरुस्तीगणिक बदलू शकते. आणि आजीच्या लग्नातील जुना फोटो गतवर्षी स्कॅन केला असेल, तर यंत्राच्या दप्तरी आजीचा विवाह गतवर्षीचाच ठरतो, जोपर्यंत कोणी माणूस स्वहस्ते ती नोंद दुरुस्त करीत नाही.

चित्रात कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, हे तर माणसानेच लिहावयाचे. ‘पिकासा’ या प्रोग्रामने ही हौस लाखो घरांत उत्पन्न केली. गूगलने २००४ मध्ये तो विकत घेऊन विनामूल्य वाटला; लोकांनी चेहऱ्यांना नावे दिली, आल्बम रचले, रंग सुधारले; आणि मार्च २०१६ पासून कंपनीने त्याचे पालनपोषण थांबविले. मूळ चित्रास धक्का न लावता सुधारणांची टिपणे फोल्डरमधील एका लपलेल्या लहानशा फाइलमध्ये ठेवण्याची त्याची रीत एका परीने फार सुज्ञ होती. परंतु ती टिपणे वाचणारा कारकूनच निवृत्त झाल्यावर, ज्यांनी सुधारलेली चित्रे वेगळी उतरवून घेतली नव्हती त्यांचे पुष्कळ श्रम निरुपयोगी झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालात बांधलेले असतात. पण रुमाल सुटला तरी मायन्यावरून, मितीवरून आणि शिक्क्यावरून कागद स्वतःची ओळख पटवू शकतो. छायाचित्राची ओळखही तशीच त्याच्या अंगावर असावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याची सोय आज आहे. वृत्तपत्रव्यवसायाच्या गरजेतून निघालेली आयपीटीसीची जुनी पद्धत आणि अडोबीने २००१ मध्ये पुढे आणलेली एक्सएमपी, या दोहोंत शीर्षक, वर्णन आणि विषयशब्द चित्राच्या फाइलमध्येच नोंदविता येतात. मराठी माणसाने यांतील दुसरीचा आश्रय करावा. कारण ती युनिकोडवर आधारलेली असल्यामुळे देवनागरी मजकूर जसाचा तसा राहतो, तर जुन्या पद्धतीत अनेक प्रोग्राम लिपीची खूण पाहतच नसल्यामुळे ‘काकू’च्या जागी निरर्थक चिन्हे उमटण्याचा संभव असतो. ‘डिजिकॅम’ हा मुक्त आणि विनामूल्य प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. तो आपली सूची स्वतःच्या नोंदवहीत ठेवतो खरा, पण त्याच नोंदी चित्राच्या फाइलमध्ये, किंवा चित्राशेजारी वेगळ्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहाव्यात, अशी आज्ञा त्यास त्याच्या सेटिंग्जमध्ये देता येते. काम हाती घेण्यापूर्वी ही आज्ञा दिलेली आहे की नाही, हे तपासावे. शेजारच्या फाइलची वाट निवडली असल्यास चित्र हलविताना तीही सोबत न्यावी. आणि आरंभ अलीकडच्या सहलींपासून न करता घरातील वृद्ध ज्यांना ओळखू शकतील अशा समूहचित्रांपासून करावा, कारण मागच्या रांगेतील तिसरे गृहस्थ कोण, हे सांगणारे एखादेच माणूस घरात उरलेले असते आणि त्यांना संगणकाशेजारी खुर्ची देऊन नावे विचारण्यास एक दुपार पुरते.