परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये : शहर आणि खेडे यांतील तुटलेला दुवा

परभणी शहरातील गणेश वाचनालय हे मराठवाड्यातील जुन्या वाचनालयांपैकी एक होय. विसाव्या शतकाच्या आरंभी परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, पुढे उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच झाले आणि सभा भरविण्यावर कडक निर्बंध आले. मराठी वृत्तपत्र चार माणसांनी एकत्र बसून वाचावे, अशा जागा मोजक्याच होत्या. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. या चळवळीतील सुशिक्षित वर्ग वाचनालये आणि खासगी शाळा यांच्याच आधाराने वाढला होता.

शहरातील अशा ग्रंथालयाचा जिल्ह्यातील वाचकाशी संबंध कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात नऊ तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार असून साक्षरता ७३.३ टक्के होती, राज्याची ८२.३ टक्के होती. म्हणजे जेथे ग्रंथालयाची निकड अधिक, तो हा प्रदेश आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय ग्रंथालय असते आणि उर्वरित ग्रंथालये लोकांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र संस्था असतात. शासन त्यांना मान्यता, वर्ग आणि अनुदान देते. अ, ब, क, ड हे वर्ग जिल्हा, तालुका व इतर अशा स्थानांनुसार पुन्हा विभागले जातात. लोकसहभाग टिकला, हे या पद्धतीचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु यात शाखा ही कल्पनाच नाही. पालम किंवा सोनपेठ येथील सभासदाला परभणीच्या कपाटातील पुस्तक हक्काने मागविता येत नाही. ते तेथे आहे हेही त्याला सहसा कळत नाही. अमेरिकेतील अनेक परगण्यांत एकाच सभासदपत्रावर सर्व शाखांतील ग्रंथ मिळतात, हा भेद केवळ श्रीमंतीचा नाही, रचनेचाही आहे.

खेड्यातील ग्रंथालय बहुधा ड वर्गातले. त्याचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते, ते २०२२ च्या वाढीने ४८,००० झाले. निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या वाट्याला महिना २,००० रुपये आले. एवढ्या वेतनात दार नियमित उघडे राहते, हेच नवल मानावे लागेल. उरलेल्या रकमेतून पुस्तके, वृत्तपत्रे, वीज, भाडे भागवावयाचे असते. साहजिकच स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी संदर्भग्रंथांसाठी शहराकडे धाव घेतो.

याला पर्याय मराठी माणसाला अपरिचित नाही. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाने एक हिस्सा जमविला, की प्रांतपंचायत आणि सरकार तितकाच हिस्सा घालीत. गावाचा उत्साह आणि केंद्राचा ग्रंथसंग्रह यांची तेथे सांगड होती. आपल्याकडे पहिली बाजू आहे, दुसरी नाही. परभणीत त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. जिल्ह्यातील ग्रंथालयांची एकत्रित ग्रंथसूची, शासकीय जिल्हा ग्रंथालयाकडे पेट्यांची व्यवस्था आणि तालुक्यास जाणारी एसटी एवढ्यावर आरंभ करता येईल.