कुंडलिकेच्या मुखाशी, गागोद्याच्या वाटेवर

रोह्याला कुंडलिका पाहताना मला तिचं दुसरं टोक आठवतं. रेवदंड्याला ती समुद्राला मिळते, तिथेच चौल. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल्-मसूदी या बंदरात आला. अरब चौलला सैमूर म्हणत. सत्ता राष्ट्रकूटांची, मांडलिक शिलाहार राजा झंझ. मसूदी लिहितो, की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफ, ओमान, बसऱ्याहून आलेले, कुणी इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला, त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

पण इस्लामचा परराष्ट्रविचार म्हटला की आपल्याकडे ‘दारुल इस्लाम’ (इस्लामचा मुलूख) आणि ‘दारुल हर्ब’ (युद्धाचा मुलूख) हे दोन शब्द निघतात आणि चर्चा तिथेच आटोपते. हनफी न्यायपंडित मुहम्मद अल्-शैबानी इ.स. ८०५ मध्ये वारला. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक मानल्या जाणाऱ्या ग्रोशियसचा युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा ग्रंथ १६२५ चा. त्याच्या आठशे वर्षं आधी शैबानीने ‘सियर’ या शाखेत युद्ध, तह, व्यापारी, कैदी यांचे नियम बांधले होते. त्यातला कळीचा शब्द ‘अमान’, म्हणजे अभय. परमुलखात अभय घेऊन राहणाऱ्याने दिल्या शब्दाला जागायचं, यजमानांशी दगाफटका करायचा नाही. पुढे शाफिई परंपरेत तहाने जोडलेला तिसरा मुलूखही मानला गेला, ‘दारुल अहद’. हे नियम विजेत्या साम्राज्यात घडले, त्यांत विषमता आहे, ती झाकू नये. पण चौलच्या पेठेचं जगणं मला या तिसऱ्या शब्दाच्या जवळचं वाटतं.

मग पोर्तुगीज आले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला, आदिलशहा त्यांच्या गोव्यावर गेला आणि कालिकतचा हिंदू सामुरी राजा या दोन्ही शहांच्या बाजूने उतरला. वेढा फसला. त्याच काळात मलबारच्या झैनुद्दीन मखदूमने पोर्तुगिजांविरुद्ध जिहादची हाक देणारा ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहिला. ग्रंथ अर्पण केला विजापूरच्या अली आदिलशहाला, आणि गौरव केला मुसलमानांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या सामुरीचा. शत्रू कोण, हे इथे धर्मावर ठरलं नाही. समुद्र कोण अडवतो आणि गावं कोण जाळतो, यावर ठरलं.

विसाव्या शतकात हैदराबादच्या मुहम्मद हमीदुल्लाह यांनी सियरची आधुनिक मांडणी केली. मजीद खद्दुरी यांनी १९६६ मध्ये शैबानी इंग्रजीत आणला.

परक्याशी शब्द पाळून वागण्याचा हाच धागा आपल्या मातीतही सापडतो, रोह्याशेजारच्या पेणला. याच तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांनी अरबी शिकून मूळ कुराण अभ्यासलं आणि निवडक आयतींचं ‘कुराण-सार’ सिद्ध केलं. फाळणीनंतर ते मेवातच्या मेव मुसलमानांत राबले. सप्टेंबर १९६२ मध्ये आसामातून पश्चिम बंगालकडे जाताना ते पूर्व पाकिस्तानातून पायी चालत गेले, आणि तिथल्या मुसलमानांनीही त्यांना भूदान दिलं. राष्ट्रांच्या सीमा न पुसता माणसाने त्या ओलांडाव्यात कशा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विनोबांच्या ‘जय जगत्’ला मी म्हणूनच घोषणा म्हणत नाही, तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा सिद्धान्त आहे, आणि तो आपल्या भाषेतल्या माणसाने चालून मांडलेला आहे.

आपल्या महाविद्यालयांत कौटिल्याचा राजमंडल सिद्धान्त शिकवतात, तो शिकवावाच. त्याच वर्गात शैबानीचं अमान, मसूदीचं चौल आणि विनोबांचं ‘कुराण-सार’ही यावं. सुरुवात पेण-रोह्याच्या प्राध्यापकांनी करावी, ही विनंती.