वडाखालचा बाजार

मोठा उद्योग उभारावयाचा म्हणजे भांडवल हवे, आणि ते बहुधा एका मनुष्याच्या गाठीशी नसते. समजा, खानदेशातील एखाद्या गावी कापसातील सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना काढावा, असे काही मंडळींच्या मनात आले. जागा, यंत्रे व इमारत मिळून 10 लक्ष रुपये लागणार. इतकी रक्कम कोणा एकापाशी नाही. तेव्हा त्या मंडळींनी कंपनी स्थापन केली आणि 10 लक्षांचे 100 रुपयांप्रमाणे 10,000 समान वाटे पाडले. अशा प्रत्येक वाट्यास भाग किंवा शेअर म्हणतात. भाग घेणारा तो भागधारक, आणि अशा रीतीने जमलेली रक्कम ते कंपनीचे भागभांडवल होय. भागावर जी 100 रुपयांची किंमत घातलेली असते, तिला दर्शनी किंमत म्हणतात.

गावातील एका शिक्षकांनी 1,000 रुपये देऊन 10 भाग घेतले. आता ते त्या कारखान्याचे एक मालक झाले. वाटा लहान खरा, पण मालकी खरीच. वर्षअखेर नफा झाला, त्यातील काही रक्कम नव्या यंत्रासाठी राखून उरलेली भागधारकांस वाटली आणि प्रत्येक भागामागे 8 रुपये आले. हा लाभांश. नफा झाला नाही तर लाभांश नाही, आणि त्याबद्दल तक्रारही चालत नाही. ज्यांस ही अनिश्चितता नको असते, ते कंपनीचा कर्जरोखा घेतात. कर्जरोखा घेणारा कंपनीचा मालक नसून सावकार असतो. त्याचे व्याज आधी चुकवावे लागते, मग लाभांशाची गोष्ट. कारखाना पुरता बुडाला तर शिक्षकांचे 1,000 रुपये जातील, परंतु कंपनीच्या कर्जापायी त्यांचे राहते घर जाणार नाही. यास मर्यादित जबाबदारी म्हणतात. हिंदुस्थानात हे तत्त्व 1857 सालच्या कायद्याने आले, आणि अनोळखी माणसांनी एकत्र येऊन धंदा करण्याचे धैर्य त्यामुळेच वाढले.

पुढे मुलीच्या शिक्षणासाठी शिक्षकांस पैशाची निकड पडली. कंपनीकडे जाऊन ते पैसे परत मागू शकत नाहीत, कारण त्या पैशांची यंत्रे झालेली असतात. त्यांनी दुसरा घेणारा शोधला पाहिजे. असे घेणारे व देणारे जेथे एकत्र येतात, तो शेअरबाजार. आणि दोघांची गाठ घालून देऊन आपली दलाली घेणारा तो दलाल. कारखाना चांगला चालला असेल तर 100 रुपयांच्या भागास कोणी 200 रुपयेही देईल. हा बाजारभाव झाला. दर्शनी किंमत भागावर छापलेली असते; बाजारभाव मात्र घेणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो आणि रोज बदलतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. हे 200 रुपये शिक्षकांस मिळाले, कंपनीस त्यांतील एक पैसाही मिळाला नाही. आणि ज्याने 200 रुपयांस भाग घेतला, त्याला तोच 8 रुपये लाभांश त्याच्या पैशावर शेकडा 8 नव्हे, तर शेकडा 4 पडतो. भाव वाढला म्हणून कारखान्यातून एक गाठही अधिक बाहेर पडत नाही.

एवढी साधी गोष्ट एक अख्खे शहर कसे विसरले, हे मुंबईच्या इतिहासात पाहावयास मिळते. सुमारे 1855 पासून मुंबईचे दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमत. त्यांना ना इमारत होती, ना लेखी नियम. 1861 साली अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस येईनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. कापसाचे भाव असे कडाडले की, लोकांनी गाद्या उसवून आतील जुना कापूस विकला, असे सांगतात. सोन्याचांदीचा ओघ मुंबई बंदरात सुरू झाला.

हा पैसा कोठे तरी गुंतवावयास हवा होता. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत पश्चिमेकडील उपसागर भरून काढण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा बोलबाला विशेष होता. तिच्या 5,000 रुपयांच्या भागाचा भाव 50,000 रुपयांपर्यंत चढला. वास्तविक समुद्रात अजून जमीन दिसू लागलेली नव्हती. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे दलाल होते. त्यांनी हात लावलेल्या कंपनीचे भाग मिळावेत म्हणून धनिक लोकही त्यांच्या दाराशी तिष्ठत.

या काळात बाजारातील आणखी काही शब्द सर्वांच्या तोंडी झाले. भाव वाढेल या आशेने जो आज घेऊन ठेवतो, तो तेजीवाला; भाव पडेल या अपेक्षेने जो आज विकतो व पुढे स्वस्तात घेऊन भरपाई करू पाहतो, तो मंदीवाला. इंग्रजीत यांना अनुक्रमे बैल व अस्वल म्हणतात. मुंबईच्या आजच्या शेअरबाजाराच्या दाराशी बैलाचा पुतळा उभा आहे. अस्वलास ती जागा मिळालेली नाही. भाग आज ठरलेल्या भावाने घ्यावयाचा, परंतु पैसे पुढील एखाद्या तारखेस द्यावयाचे, अशा कराराला वायद्याचा सौदा म्हणतात. वायदा मुळात वाईट नव्हे. पुढे कापूस निघेल तेव्हा भाव किती मिळेल याची धास्ती ज्या शेतकऱ्यास असते, त्याला वायद्याने आधार मिळू शकतो. परंतु ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने, मुदतीपूर्वी भाग चढत्या भावाने दुसऱ्यास विकता येईल एवढ्याच भरवशावर सौदा केला, म्हणजे तो सट्टा होतो. त्यात भर अशी पडली की, बँका भागांच्याच तारणावर कर्जे देऊ लागल्या. भाग गहाण ठेवून पैसा घ्यावयाचा, त्या पैशाने आणखी भाग घ्यावयाचे, आणि भाव वाढला की तेही गहाण ठेवावयाचे!

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली. ही बातमी मुंबईस येताच कापसाचे भाव कोसळले, आणि त्यांच्या पाठोपाठ भागांचेही. शेकडो वायद्यांची मुदत 1 जुलै 1865 रोजी भरत होती. त्या दिवशी घेणाऱ्यांपाशी पैसे नव्हते. ज्यांना त्यांच्याकडून येणे होते त्यांनीही त्या येण्याच्या जोरावर दुसऱ्यांस शब्द दिलेले होते. एक बुडाला आणि त्याच्यामागून दहा बुडाले. बॅकबेचा भाग 2,000 रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बाँबेचा भाग 2,850 रुपयांपर्यंत पोहोचलेला होता. तो 87 रुपयांस विकला जाऊ लागला, आणि 1868 साली ती बँकही बंद करावी लागली. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा त्या वेळी विशीतले होते. या प्रकरणाची हकीकत सांगणारे पुस्तक त्यांनी 1910 साली लिहिले. प्रेमचंदही संकटात सापडले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा राहिला. देणगी तेजीच्या काळातील होती आणि मनोरा पुरा झाला तो 1878 साली.

या अनुभवानंतर दलालांनी आपली संघटना बांधली. 1875 च्या जुलैत 318 सभासदांनी प्रत्येकी 1 रुपया प्रवेशशुल्क देऊन स्थापन केलेली संस्था म्हणजेच आजचा मुंबई शेअरबाजार. ज्या रस्त्यावर त्यांनी आपले ठाणे मांडले, त्याला दलाल स्ट्रीट हे नाव मिळाले. पुढे शंभरांहून अधिक वर्षे तेथे दलाल एकत्र जमून, ओरडून व हातांच्या खुणा करून सौदे करीत. 1995 साली ही आरडाओरड संपून संगणकावर व्यवहार होऊ लागले. 1988 साली स्थापन झालेल्या सेबी या मंडळास 1992 साली कायद्याने अधिकार मिळाले, आणि बाजारावर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे आले. भागाचा कागदी दाखला जाऊन त्याची नोंद डीमॅट खात्यात होऊ लागली. हे खाते बँकेच्या खात्यासारखेच, मात्र त्यात रुपयांऐवजी भाग जमा असतात. वायद्याखेरीज केलेल्या साध्या सौद्याचे भाग व पैसे 2023 पासून दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी चुकते होतात.

वृत्तपत्रात बाजाराचे सदर असते, त्याच्या आरंभी बहुधा निर्देशांक दिलेला असतो. मुंबईचा सेन्सेक्स हा असा निर्देशांक 1986 साली सुरू झाला. 30 मोठ्या कंपन्यांच्या भागांचे एकूण मोल 1978-79 साली 100 होते असे धरून, आज ते किती झाले हे तो सांगतो. तो चढला म्हणजे प्रत्येक कंपनीचा भाव चढला, असे मात्र नव्हे. गावातील सरासरी पीक चांगले आले तरी एखाद्याचे शेत कोरडे राहतेच. सदरात एकेका कंपनीपुढे चार आकडे असतात : दिवसाच्या आरंभीचा भाव, सर्वांत चढा भाव, सर्वांत उतरता भाव आणि बंद होतेवेळचा भाव. हे चारही आकडे भावाचेच. कंपनीवर कर्ज किती, नफा किती, यंत्रे चालतात की बंद आहेत, यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत नसते. ती वार्षिक अहवालात असते. हा अहवाल कंपनीस दरवर्षी भागधारकांपुढे ठेवावा लागतो, आणि त्यानंतर वार्षिक सभा भरते. ज्याच्यापाशी एकच भाग आहे, त्यालाही त्या सभेत उभे राहून अहवालातील आकड्यांविषयी प्रश्न विचारता येतो.